बसून दिलेले चार गुण

चार वाजेपर्यंत गुणांच्या चिठ्ठ्या संपादकांच्या टेबलावर पोचल्याच पाहिजेत, हा त्या मासिकाचा नियम. प्रत्येक नव्या व्हिडिओ गेमला चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, आणि चिठ्ठी देईपर्यंत एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. तोमोए इगाराशी तोक्योतल्या त्या कचेरीत चौदा वर्षं हेच करत आली होती. आज मात्र अडीच वाजले तरी तिची चिठ्ठी कोरी होती.

गेम बोलिंगचा होता. हातातला रिमोट मागे नेऊन पुढे झोकला, की पडद्यावर चेंडू घरंगळत जातो. याचा पहिला भाग दोन वर्षांपूर्वी तिच्याकडेच आला होता. मनगटाला नुसता झटका दिला तरी दहाच्या दहा खुंट्या आडव्या होतात, हे तेव्हा तिला खुर्चीत बसल्याबसल्या पाच मिनिटांत कळलं होतं. 'यात खेळण्यासारखं काही नाही,' असं लिहून तिने चार गुण दिले होते.

तोच गेम तिचे वडील घरी रोज खेळत. तरुणपणी त्यांना बोलिंगचं वेड होतं. रिमोटची दोरी मनगटाला दोनदा गुंडाळायची, जुने बोलिंगचे बूट घालायचे आणि चार पावलं चालून हात खांद्यापासून झोकायचा. घरात बूट घालतात म्हणून आई रोज कुरकुरायची. तो अंक घरी आला आणि वडिलांनी रिमोट खोक्यात ठेवून दिला. तोमोएने विचारलं, तेव्हा म्हणाले, "तुला कळतं गं त्यातलं. मी आपला उगाच हात हलवत होतो."

मागच्या महिन्यात ते गेले. येत्या रविवारी मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा बौद्ध विधी होता.

तिने पुन्हा मनगट झटकलं. खुंट्या पडल्या. पुन्हा झटकलं, पुन्हा पडल्या. चिठ्ठीवर तिने चार लिहिले आणि लगेच खोडले.

मग ती उठली. परीक्षकांना गेम खेळून पाहायला दिलेल्या त्या चिंचोळ्या खोलीत हात मागे न्यायलाही जागा नव्हती. कोपर भिंतीवर आदळलं. यंत्र उचलून ती बैठकीच्या खोलीत गेली, बूट काढले, दोरी दोनदा गुंडाळली आणि चार पावलं चालून हात झोकला. चेंडू सरळ कडेच्या खाचेत गेला. दुसराही. सातव्या चेंडूला खांदा नीट वळला आणि चेंडू तसाच वळत गेला. हे गेमचं कसब होतं, की तिला वडील दिसत होते? ठरवता येईना. घड्याळात पावणेचार झाले होते.

दारात सेगावा उभा होता, परीक्षकांतला सगळ्यात जुना. "इगाराशीसान, व्यायामाला लागलात की काय?"

नियम मोडून तिने विचारलंच, तुम्ही कसे खेळलात.

"बसून. पंचवीस वर्षं बसूनच खेळतोय. आता या वयात नाचू का?"

बाकीचे दोघंही बसूनच खेळले असणार, हे तिला न विचारता कळलं. चौघांचे हात एकाच सवयीचे होते.

चार वाजता तिने गुणांची चौकट रिकामी ठेवून चिठ्ठी दिली. खाली एकच ओळ होती: 'मागच्या वेळचे चार मी बसून दिले होते.'

संपादक नुकुईंनी चिठ्ठी उलटून पाहिली. "आकडा कुठाय? चौदा वर्षांनी आकडे विसरलात?"

"माझ्या आकड्यावर माझाच भरवसा नाही," ती म्हणाली. "जो कधी गेम खेळला नाही, पण बोलिंग खेळलाय, अशा कुणाला तरी बोलवा. उभं राहून खेळू द्या त्याला."

रिकामी चौकट छापता येत नाही, हे नुकुईंनी शांतपणे सांगितलं. तिची परीक्षकाची जागा दुसऱ्याला दिली तर परत मिळेलच असं नाही, हेही सांगितलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

त्यांनी फोन उचलला, पण नंबर न लावता तिच्याकडे पाहत राहिले. ती चिठ्ठी परत मागेल, याची जणू वाट पाहत होते. तोमोएने दुखरा खांदा दुसऱ्या हाताने धरला आणि तशीच उभी राहिली.