सव्वासहाची मूठ

मोजेकाकांनी पेला कोमट पाण्यात धरला, काडीला हलकेच पीळ दिला, आणि बर्फाच्या कांडीऐवजी नुसती काडीच हातात आली. कांडी पेल्यातच राहिली. तिला कांडी तरी कशाला म्हणायचं, नासपतीचा दाट पाक होता नुसता. बोट बुडवून त्यांनी चाखलं आणि डोळे मिटले. इतकं गोड, की बर्फालाही धरवलं नव्हतं.

"गेली. तिसरी खेपही गेली," ते नळाला म्हणाले. घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

सहाच्या सहा पेले त्यांनी मोरीत उपडे केले. मागच्या अंगणातल्या झाडानं या वर्षी दोन टोपल्या फळ दिलं होतं. एक टोपली पडून, पाखरांनी टोचून, वाटून संपली. दुसरीतली फळं या तीन खेपांनी खाल्ली. आता तळाला अकरा नासपती उरल्या होत्या, तपकिरी डाग पडलेल्या, बोट दाबलं तर आत जाईल अशा. म्हणजे अगदी बरोबर पिकलेल्या, आणि आज-उद्याच कामाच्या. झाडावर एक फळ नव्हतं. पानंही रोज थोडी थोडी अंगणात उतरत होती. ही खेप बिघडली की पुढच्या पानगळीपर्यंत वाट पाहायची, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी पुढच्या पानगळीचा वायदा माणसानं कुणाला द्यावा?

काकू वसंतात गेल्या. तेव्हा झाडाला फुलं होती आणि काकांचं कशाकडे लक्ष नव्हतं. उन्हाळा कसाबसा ढकलला. पण पहिली नासपती छपरावर धपकन पडली त्या सकाळी त्यांच्या तोंडाला एकदम पाणी सुटलं, आणि मग ते त्या चवीच्या मागेच लागले.

काकू या कांड्या थंडी सुरू होताना करायच्या. मऊ झालेली नासपती, एखादं आंबट सफरचंद, आल्याचा तुकडा, आणि दालचिनीची पूड मिसळलेली साखर. सगळं शिजवून, घोटून, गाळून पेल्यांत भरायचं आणि फ्रीजरमध्ये अर्धवट गोठलं की काड्या खोचायच्या. मग मागच्या पायरीवर शाल पांघरून दोघांनी बसायचं आणि कुडकुडत खायचं. समोरची शेजारीण खिडकीतून ओरडायची, "अहो, डोकं फिरलंय का तुमचं? नाकं लाल झालीत दोघांची!"

"उन्हाळ्यात काय, कुणीही बर्फ खातं," काकू उलट ओरडायच्या. "जिभेला थंडी वाजली ना, की मग ती नीट चव घेते."

कृती काकांना तोंडपाठ होती. अडत होतं एकाच ठिकाणी. साखर किती, असं त्यांनी एकदा विचारलं होतं, तर काकू म्हणाल्या होत्या, "मूठभर. डोळे आहेत ना तुम्हाला?"

डोळे होते. पण मूठ कोणाची?

पहिल्या खेपेला त्यांनी स्वतःची मूठ घातली. हातमोज्यांच्या मापात त्यांच्या हाताचा नंबर नऊ. कांडी गोडमिट्ट झाली. दुसऱ्या खेपेला अर्धी मूठ घातली, तर रुग्णाला द्यायच्या पेजेसारखं बेचव काहीतरी झालं. तेव्हा काकांनी आपली अक्कल चालवली. चाळीस वर्षं त्यांनी हातमोजे शिवले होते. माणसाचा चेहरा विसरतील, हात विसरायचे नाहीत. काकूंचा हात सव्वासहा. त्या मापाचा पुठ्ठ्याचा कापा, मोजे बेतायचा नमुना, अजून खणात होता. त्यांनी जुन्या चामड्यातून त्या मापाचा एक मोजा बेतला, दुपारभर बसून शिवला, आणि तो साखरेनं भरून पातेल्यात ओतला.

त्याचीच ही तिसरी खेप मोरीतून वाहून चालली होती.

पेले विसळताना त्यांना आपला मूर्खपणा कळला आणि हसू आलं. मोज्यात पाच बोटांची पोकळी असते. मुठीत कुठे बोटांची साखर असते? मोजेवाल्याला उघडा हात कळतो. मिटलेला हात जन्मात कधी मोजला होता त्यांनी? काकूंच्या तळहाताची रुंदी, अंगठ्याचा घेर, करंगळीचा किंचित बाक, सगळं ते आजही सांगू शकले असते. मूठ मात्र आठवत नव्हती.

हसता हसता त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपालवाली आली. तिनं कागद पुढे केला, आणि काका सही करायची सोडून तिच्या हाताकडे बघत राहिले.

"पावणेसात," ते स्वतःशीच म्हणाले.

"काय पावणेसात? साडेदहा वाजलेत, काका."

"नाही, तुमचा हात. थोडा लहान हवा होता."

"हात लहान हवा होता!" टपालवाली हसली. "माझ्या सासूलाही माझं सगळं थोडं लहानच हवं होतं. जीभ तर फारच. करा सही."

ती गेल्यावर काका दारातच उभे राहिले. सव्वासहाचा हात त्यांनी एवढ्यात कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं, पण कबूल व्हायला अर्धा तास गेला. वसंतात, काकूंना नेलं त्या दिवशी, बाहेरच्या फाटकावर एक हात होता. मोजा न घातलेला, गारठ्यानं लाल झालेला. करंगळीला तोच बाक. फाटक धरून ती बाई थोडा वेळ उभी राहिली होती आणि आत न येताच निघून गेली होती.

काकूंची धाकटी बहीण. घरात तिचं नाव कधी कोणी घेतलंच नाही, लग्नाच्या आधीपासून ती सगळ्यांची धाकटीच. दोघींची आई शेवटच्या दुखण्यात कोणाकडे राहिली आणि कोणी तिला किती पाहिलं, यावरून बहिणींत शब्दाला शब्द लागला होता. त्याला बारा वर्षं झाली. काका तेव्हा मध्ये पडले नव्हते. बायकांचं बायका बघतील, असं म्हणून मोज्यांसाठी कातडी ओली करत बसले होते.

त्यांनी फोन फिरवला.

"भावोजी?" पलीकडचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं? कोणाला काय झालं?"

"कोणाला काही झालं नाही. धाकटे, तुझ्या हाताचा नंबर किती गं?"



"भावोजी, तुम्ही औषधं वेळेवर घेता ना?"

"घेतो. नंबर सांग."

"दवाखान्यात मी लोकांचं रक्त काढायचे तेव्हा साडेसहाचे रबरी मोजे घालायचे. बोटांच्या टोकाला लोंबायचे."

"म्हणजे सव्वासहा," काका म्हणाले, आणि मग जे बोलायचं होतं ते एका दमात बोलून टाकलं: नासपती, तीन खेपा, साखर भरलेला मोजा, अकरा उरलेली फळं, मूठ. "येशील का? फक्त साखर घालायला."

"फक्त साखर घालायला," धाकटी म्हणाली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फोन ठेवला.

दुपारी दोन वाजता ती दारात उभी होती. साठीच्या पुढची, बुटकी, गुडघ्यात जरा वाकलेली. दवाखान्यातल्या बायकांसारखे केस घट्ट बांधलेले. तिनं आधी काकांच्या दंडाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"वाळलात."

"तुझी नजर अजून शिरेवरच जाते."

"सवय." ती आत आली. बाहेरच्या खोलीत काकूंची खुर्ची होती, तिच्यावर शाल होती. तिच्याकडे न पाहता ती सरळ स्वयंपाकघरात गेली, जणू नुसत्या वासानं वाट दाखवली. पातेल्यात नासपती शिजून लगदा झाली होती. आल्याचा वास भिंतींना लागला होता.

"सालं काढलीत ना?"

"काढली."

"बिया?"

"धाकटे, मी म्हातारा झालोय, बावळट झालेलो नाही."

"मोज्यात साखर भरणारा माणूस बोलतोय हे," ती म्हणाली, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. काकूंचाही तोच कोपरा आधी हलायचा. काकांनी लगेच पातेल्याकडे मान वळवली.

 पातेल्यात बुडबुडे फुटत होते. मग धाकटी खालच्या आवाजात म्हणाली, "ती असताना एकदा बोलावलं असतंत, तर आले असते."

"हो."

"नुसतं हो?"

"दुसरं काय म्हणू? बोलवायला हवं होतं. मला वाटलं, दोघींपैकी एक कोणीतरी वळेल." त्यांनी गॅस बारीक केला. "मी चाळीस वर्षं डाव्याला उजवा जोडून विकला. घरात नाही जमलं."

धाकटीनं बाह्या वर केल्या, हात धुतले, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, आणि नीट कोरडे केले. मग तिनं साखरेचा डबा पुढे ओढला. दालचिनीनं साखर मातीच्या रंगाची झाली होती. तिनं हात आत घातला आणि मूठ भरून बाहेर काढली.

काका बघत राहिले. अशीच. अंगठा वर न ठेवता बाजूला दाबलेला, मनगट किंचित आत. एका क्षणात त्यांना ती मूठ आठवली, इतकी स्पष्ट की ते अर्धं पाऊल पुढे सरकले.

"घालू?"

"घाल."

हात पातेल्यावर गेला आणि काका एकदम म्हणाले, "थांब, थांब. सगळी नाही. आधी चिमूटभर ओट्यावर काढायची."

"म्हणजे?"

"ती काढायची. दर वेळी. मूठ भरली की पातेल्याकडे जाता जाता थोडी ओट्याच्या कडेला सोडायची, ह्या इथे कोपऱ्यात. मला वाटायचं सांडते. हात थरथरतो म्हणून. मुंग्या यायच्या नुसत्या! मी फडकं घेऊन मागे मागे, आणि ती म्हणायची, 'राहू द्या हो, लगेच कशाला पुसता.' त्यावरून वाद व्हायचे आमचे." ते बोलता बोलता थांबले. "मुठीतून तेवढी वजा व्हायची, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. म्हणून जमत नव्हतं."

धाकटीची मूठ पातेल्यावर तशीच होती. वाफ तिच्या मनगटाला लागत होती, तरी तिनं हात मागे घेतला नाही.

"कधीपर्यंत?" तिनं विचारलं.

"काय कधीपर्यंत?"

"कधीपर्यंत काढायची ती अशी?"

"कधीपर्यंत म्हणजे? दर वर्षी. गेल्या पानगळीतसुद्धा काढली की. मी पुसलीही लगेच." काकांनी तिच्याकडे पाहिलं. "का गं?"

 धाकटी हात ओट्याच्या कोपऱ्याकडे घेऊन गेली आणि मुठीचा खालचा काठ जरासा सैल केला. मातीच्या रंगाची एवढीशी रास कडेला पडली. उरलेली साखर तिनं पातेल्यात सोडली.

"आमच्या घरी ओटा उंच होता," ती पातेल्यात बघत म्हणाली. "आई साखरेला हात लावू द्यायची नाही. ताईला द्यायची, ती मोठी होती. मी खाली उभी राहून नुसते हात वर करायचे, मला काही दिसायचं नाही. मग ताई मूठ भरायची, आईची पाठ वळली की कडेला थोडी सोडायची, आणि मी टाचा उंच करून, चाचपत..." तिनं बोट ओट्याच्या कडेवरून फिरवून दाखवलं. "दाणान् दाणा."

काकांच्या हातात डाव होता. तो त्यांनी पातेल्यात घातला, साखर विरघळेपर्यंत ढवळलं, टोकावर थोडं घेऊन फुंकलं आणि जिभेवर ठेवलं.

हीच.

जराही कमी नाही, जराही जास्त नाही. आधी आल्याची धग, मग नासपती, आणि सगळ्यांत शेवटी, गिळून झाल्यावर, दालचिनी. पायरीवरचा गारठा, लाल नाक, शाल, सगळं त्या थेंबात होतं. आपण आता रडणार असं त्यांना वाटलं, आणि हे कुणालातरी सांगावं म्हणून ते वळले.

धाकटी ओट्याच्या कोपऱ्याशी पाठमोरी उभी होती. तिनं तर्जनी जिभेला लावून ओली केली होती आणि एकेक दाणा टिपून घेत होती. घाई नव्हती. एक दाणा तोंडात जायचा, मग बोट पुन्हा खाली जायचं. ओटा तिच्या कमरेला लागत होता, तरी तिच्या टाचा किंचित उचललेल्या होत्या.

काकांनी मान फिरवली. पातेल्यातलं केव्हाच दाट झालं होतं, गॅस बंद करून ते पेल्यांत भरायचं होतं. तळाला काही लागत नव्हतं. तरी ते डाव धरून, भांड्याचा आवाज होईल असं, ढवळत राहिले.