खालची खुंटी

गेनू सुतार. व्हय, घेते म्या नवऱ्याचं नाव! अकरा वर्सं 'अवं' अन् 'आमचं मालक' म्हनत जीभ झिजवली. आता कुनाची भीड?

त्या साली त्यो भोरात एका वकिलाच्या घरी कामाला व्हता. तिथनं कामथडीला आला त्यो नवंच खूळ डोक्यात घिऊन. म्हनला, "साळू, समदी भिंत फळ्यांनी मढवायची. भोकं पाडायची अन् खुंट्या बसवायच्या. ज्याची वस्तू त्याच्या खुंटीला. पसारा म्हनून दिसायचा न्हाई."

दोन महिनं खपलो. त्यो गिरमिट फिरवायचा, म्या फळी दाबून धरायची. भुश्शानं डोळं लाल व्हायचं. करवत, रंधा, कंदील, चाळण, विळा, समद्याला जागा झाली. माज्या लुगड्याची खुंटी माज्या डोईच्या वर, म्या उंच ना! अन् तिच्या शेजारी, चांगली हातभर खाली, त्यानं आनिक एक बसवली.

म्या इचारलं, "ही एवढी खाली कुनाला?"

वर न बगता म्हनला, "असू दे. लागंल कुनालातरी."

कुनालातरी! अकरा वर्सं माझी कूस रिकामी. सासू मरंस्तवर वांझ म्हनून टोचत व्हती, पर ह्यो कदी बोलला न्हाई. मला वाटलं, ह्याच्या मनात अजून आस हाय. पोराचा हात पुरावा म्हनून खुंटी खाली घेतली. लई येडी म्या! रोज त्या खुंटीला जवसाचं त्याल चोळलं. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा काढून तान्ह्या पोराची कुंची शिवली अन् तिथं अडकवली. गेनूनं ती बगितली, अन् जेवाया बसला. घास अडकला न्हाई मेल्याच्या घशात!

शिमगा झाला, अन् भोंगवलीच्या फुलाबाईसंगं म्होतूर लावून तिला घरी घिऊन आला. नवरा मेलेली, पंचविशीची, ठेंगनी बाई. तिला बिचारीला तरी काय म्हनू? तिला सांगितलं व्हतं, पैली बायको राजी हाय.

दुसऱ्या दिशी सकाळी ती आपलं लुगडं अडकवाया भिंतीपाशी गेली. टाच न उचलता हात पुरला.

"अगं बया! आक्का, बरोब्बर माज्याच मापाची हाय की!"

मापाची! माप घेतल्याबिगर गेनू सुतार साधी पाचरबी ठोकत न्हाई. म्हंजी म्या फळी दाबून धरत व्हते, तवाच हिचं माप त्याच्यापाशी व्हतं.

फुलाबाईनं कुंची काढून माज्या म्होरं धरली. "ही कुनाची, आक्का?"

"कुनाची न्हाई," म्या म्हनलं. "आन हिकडं."

कंदिलाची काच आता म्या त्या कुंचीनंच पुसते.