मामांचा पाय

"काय मामा, घरी सगळं ठीक ना?" असं विचारत आरोग्यमंत्री विधानसभेच्या सभागृहात शिरले आणि उत्तर ऐकायला थांबले नाहीत.

"ठीक आहे, साहेब," मामा म्हणाले, पण ते मंत्र्यांच्या पाठीला सांगून झालं.

सभागृहाच्या त्या दाराला दोन फळ्या होत्या. दोघे द्वाररक्षक, डावी फळी पहिलवानाची आणि उजवी मामांची. कडी मामांच्या फळीला होती. पहिलवान अंगाने काडीसारखा, म्हणूनच त्याला पहिलवान म्हणायचे. तो तोंड न हलवता बोलण्यात तरबेज होता.

"सांग की त्याला," तो पुटपुटला.

"काय सांगू?"

"वहिनी गेल्या म्हणून."

"त्याने विचारलं कुठे? जाता जाता नुसतं म्हटलं."

"मग आज उत्तर देणारच आहे तो. ऐक आता कान देऊन."

मामा कान देऊनच उभे होते. त्या दिवशीच्या प्रश्नांत त्यांच्या बायकोबद्दलचा प्रश्न होता. तिचं नाव मात्र त्यात नव्हतं. मामांनीच नको म्हणून सांगितलं होतं. विरोधी बाकांवरच्या एक बाई होत्या, निवडून यायच्या आधी शाळेत शिकवायच्या आणि अजूनही बोलताना बोट वर करायच्या. त्यांनी जिन्यात मामांना गाठून विचारलं होतं, "मामा, तोंड एवढं का उतरलंय तुमचं?" तेव्हा मामांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बाई, नाव घालू नका. मला इथंच उभं राहायचंय."

सांगण्यासारखं फार नव्हतं. सरकारी दवाखान्यात बायको श्वासाच्या यंत्रावर होती. भर दुपारी वीज गेली. जनरेटर लागलाच नाही, कारण त्यात डिझेल नव्हतं. नर्सने यंत्राची नळी काढून तिथे एक रबरी पिशवी लावली आणि ती मामांच्या हातात दिली. "काका, दाबत राहा. सोडू नका. मी बघून येते," असं म्हणून ती पळाली. मामा दाबत राहिले. दाबलं की तिची छाती वर यायची, सोडलं की खाली जायची. घामाने पिशवी हातातून निसटत होती. सगळ्या खोल्यांतून माणसं हाका मारत होती आणि कुणी येत नव्हतं. नर्स परत आली तेव्हा तिने आधी मामांच्या बायकोच्या मानेला हात लावून पाहिला, मग मामांची बोटं एकेक करून पिशवीवरून सोडवली. मामा तरी दाबतच होते.

अध्यक्षांनी प्रश्नाचा क्रमांक पुकारला. बाई उठल्या. शासकीय रुग्णालयात वीज खंडित झाल्यावर जनरेटर बंद असल्याने एका महिला रुग्णाचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास, कोणावर कारवाई केली?

आरोग्यमंत्री एका हाताने कोट सारखा करत उठले.

"एक. हे खरे नाही. दोन. प्रश्न उद्भवत नाही."

आणि बसले.

बाईंनी बोट वर केलं. "अध्यक्ष महाराज, बाई मेली हे खरं नाही, की जनरेटर बंद होता हे खरं नाही?"

बाकांवर थोडं हसणं झालं. मंत्री पुन्हा उठले. "संबंधित महिलेचा मृत्यू आजाराच्या स्वरूपामुळे झाला. रुग्णालयाची यंत्रणा पूर्णपणे कार्यान्वित होती. नातेवाइकांची काही तक्रार नाही. सन्माननीय सदस्यांनी शाळेतल्यासारखी उलटतपासणी करू नये."

आता हसणं मोठं झालं. मंत्रीही हसले. वाईट माणूस असं त्यांच्याकडे बघून कुणी म्हटलं नसतं. गाल गुबगुबीत होते, हसले की डोळे मिटायचे.

"नातेवाइकांची तक्रार नाही," पहिलवान पुटपुटला. "विचारलं होतं का रे तुला कुणी?"

मामांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप मिटत होती आणि उघडत होती. त्यांनी तो हात पाठीमागे नेला आणि डाव्या हाताने धरून ठेवला.

दुपारनंतर आरोग्य खात्याच्या पैशांवर मतदान होतं. विरोधकांनी कपातीची सूचना दिली होती. सरकारचं बहुमत काठावरचं. सूचना मंजूर झाली तर मंत्र्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. मतविभागणी पुकारली की साऱ्या इमारतीत घंटा वाजते, बाहेर असतील ते सदस्य धावत येतात आणि घंटा थांबली की अध्यक्ष दारं बंद करायला सांगतात. मग आतला आत आणि बाहेरचा बाहेर. निकाल लागेपर्यंत कडी निघत नाही, मग मुख्यमंत्री का बाहेर असेना.

नियम असा होता. पण मामांच्या दाराला नियमाबरोबर मामांचा पायही होता. घंटा थांबली तरी ते फळी पूर्ण लावायचे नाहीत. उजव्या पायाचा बूट फटीत घालून उभे राहायचे. अध्यक्ष कागद सारखे करतील, चष्मा लावतील, तेवढ्यात एखादा धापा टाकत यायचा आणि फटीतून आत सटकायचा. मामांनी कधी पक्ष पाहिला नाही. सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नव्हतं. द्वाररक्षकांचे साहेब, मार्शलसुद्धा त्या वेळी छताकडे बघायचे.

या पायामुळे उजव्या बुटाची कड झिजायची. बायको तिथे चामड्याचा तुकडा शिवायची, जाड सुईने, अंगठ्याला चिंधी बांधून. "अर्धं सरकार तुमच्या एका बुटावर चाललंय," म्हणायची, "आणि ठिगळं मी लावायची! भत्ता मागा माझ्यासाठी." खरं तर हा पाय तिनेच शिकवला होता. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, गच्चीच्या खाली. वारा आला की दार धाडकन लागायचं. ती वाळलेले कपडे दोन्ही हातांत धरून जिना उतरायची आणि वरूनच ओरडायची, "अहो, पाय!" मामा जिथे असतील तिथून उठून दाराच्या फटीत पाय घालायचे.

आरोग्यमंत्री पहिल्यांदा निवडून आले तेव्हा असेच एकदा धावत आले होते. धापा टाकत फटीतून आत शिरले आणि मामांचा खांदा दाबून म्हणाले होते, "वाचवलंत!" तेव्हापासून ते घंटेला भ्यायचे नाहीत. उपाहारगृहात कुणी घाई केली की म्हणायचे, "बसा हो. दारावर मामा आहेत. मामांचा पाय म्हणजे आपलं बहुमत."

घंटा वाजली. कॉरिडॉरमधून, जिन्यांवरून पावलं धावू लागली. सदस्य येत होते, एकमेकांना ढकलत होते, कुणी तोंड पुसत होता. मामा मनात माणसं टिपत होते. मंत्री आले नव्हते. बाईही आल्या नव्हत्या, त्या कागद आणायला ग्रंथालयात गेल्या होत्या.

घंटा थांबली.

"दरवाजे बंद करावेत," अध्यक्ष म्हणाले.

पहिलवानाने आपली फळी लावली. मामांनी आपली फळी ओढली आणि पाय फटीत ठेवला. ठेवला असं म्हणणंही बरोबर नाही. तो आपणच गेला.

लांबलचक कॉरिडॉरमध्ये बाई पळत येताना दिसल्या. एका हातात कागद, दुसऱ्या हातात चप्पल, पट्टा तुटलेला. त्यांच्या मागे, बराच मागे, आरोग्यमंत्री येत होते. त्यांच्या कानाला फोन होता. मामांच्या दिशेने त्यांनी दुसरा हात वर केला, थांबा अशा अर्थी. आणि ते हसत होते.

ते चालत होते.

मामांनी नंतर हे पुष्कळ वेळा आठवून पाहिलं. धावत आले असते तर पाय हलला असता का? सांगता येत नाही. पण ते चालत आले.

बाई फटीतून आत आल्या. "देवासारखे उभे राहिलात, मामा," त्या धापा टाकत म्हणाल्या आणि एका चपलेनिशी आपल्या जागेकडे गेल्या. मामांनी कॉरिडॉरकडे पुन्हा पाहिलं. मंत्री आता चार हातांवर होते.

"आलो, मामा," ते फोन खाली घेत म्हणाले.

मामांनी पाय काढून घेतला.

फळी बसली. मामांनी कडी घातली. पहिलवान तोंड न हलवता बोलणारा माणूस, पण त्याचं तोंड उघडंच राहिलं.

दाराला तळहाताएवढी काच होती. काचेपलीकडे मंत्र्यांचा चेहरा आला. त्यावर हसू तसंच होतं, थट्टा चालली आहे असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी दारावर बोटं वाजवली. मग मूठ.

"मामा! अहो, मी आहे! मामा!"

आवाज जाड लाकडातून बारीक होऊन येत होता. कुठल्याशा खोलीतून कुणी हाका मारावी तसा. मामा समोर बघत उभे राहिले. मग त्यांनी एकदा मान वळवून काचेकडे पाहिलं. मंत्री काचेला नाक लावून होते. त्यांच्या श्वासाने काच धुरकट व्हायची, साफ व्हायची, पुन्हा धुरकट व्हायची. कुणी काही दाबत नव्हतं, तरी श्वास येत होता आणि जात होता. मामा ते बघत राहिले.

कपातीची सूचना एका मताने मंजूर झाली.

सभागृहात नुसता दंगा उसळला. विरोधक बाकांवर चढून "राजीनामा! राजीनामा!" ओरडत होते. मामांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, बरं वाटलं. हातापायांत ऊब आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं झालं.

संध्याकाळी मार्शलनी खोलीत बोलावलं. खिडकीपाशी आरोग्यमंत्री उभे होते. कोट खुर्चीवर टाकलेला होता आणि गाल उतरले होते. खातं काढून घेतल्याची बातमी मामांच्या आधी त्या खोलीत पोचली होती.

"मामा," मार्शल म्हणाले, "बाई आत आल्या तेव्हा दार उघडं होतं ना?"

"फट होती, साहेब."

"आणि यांना येताना पाहिलंत तुम्ही?"

"कॉरिडॉरमध्ये उजेड कमी असतो."

मार्शलनी मंत्र्यांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "मला विचारावंच लागतंय. तुम्ही यांना पाहून मुद्दाम दार लावलंत. खरं आहे का हे?"

मामांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

"हे खरं नाही."

ज्या सुरात सकाळी ऐकलं होतं, त्याच सुरात. कोरडं, खाली-वर काही नाही. मंत्र्यांनी मान वर केली. बराच वेळ ते मामांकडे बघत होते, एखाद्या ओळखीच्या घराचं दार पहिल्यांदाच नीट बघावं तसे.

"मामा," ते हळू म्हणाले, "घरी... सगळं ठीक आहे ना?"

या वेळी ते उत्तरासाठी थांबले.

"घरी कुणी नाही, साहेब. संबंधित महिला गेली."

मार्शलच्या हातातली पेन्सिल टेबलावर घरंगळली, ती त्यांनी उचलली नाही. मंत्री खुर्चीवर बसले, स्वतःच्या कोटावरच.

"मला सांगायचं तरी..." ते म्हणाले. "एवढी वर्षं रोज दारात भेटतो आपण. एकदा सांगायचं तरी होतंत."

"प्रश्न उद्भवला नाही, साहेब," मामा म्हणाले. मार्शलना सलाम करून ते बाहेर आले.

पहिलवान जिन्यात थांबला होता. "काय झालं? नोकरी?"

"आहे."

"आणि तो?"

"बसलाय."

"जिरली ना एकदाची!" पहिलवानाने मामांच्या पाठीवर थाप मारली. "वहिनी असत्या तर हसून हसून लोळल्या असत्या."

मामा जिन्यावर थांबले. ती हसली असती का, याचा त्यांनी खरोखरच विचार केला. ती मंत्र्यांचं नाव ऐकून हसली असती, त्यांच्या गालांना हसली असती. मग बूट हातात घेऊन कड बघितली असती आणि म्हणाली असती, "आज झिजलेला नाही हो. का?" दुपारपासूनचं बरं वाटणं जिन्यापर्यंत टिकलं होतं. तळाच्या पायरीवर पोचेपर्यंत भूकही गेली.

खोली तशीच होती. मामांनी दिवा लावला, चहाला आधण ठेवलं. गच्चीवरून वारा येत होता. कपडे तिथे दोन दिवसांपासून वाळत होते, आणायचे राहून गेले होते. आज आणू म्हणत ते स्टोव्हपाशी वाकले, तेवढ्यात जिन्यातून वाऱ्याचा झोत आला आणि दार फिरलं.

मामा दोन ढांगांत दारापाशी पोचले आणि उजवा पाय फटीत गेला.

दार ठिगळावर येऊन थांबलं. जिन्यात कुणी नव्हतं. मागे स्टोव्हवर पाणी उकळून उकळून आटत होतं. वारा दार पुन्हा पुन्हा ढकलत होता आणि मामांनी पाय काढला नाही.