माझ्यात हवा होती

माझ्यात हवा होती. पुरती भरलेली होती. हे सांगून सांगून माझं रबर फाटायची वेळ आली, पण ऐकतंय कोण? ट्यूब फुसकी निघाली आन् सुभान पैलवान बुडाला, असं गावानं एकदा ठरवलं ते ठरवलं. बरं, मलाच नावं ठेवून थांबले असते तर मी सोसलं असतं. पण त्यालाही बोलले. "सडकी ट्यूब घेऊन नदीत उतरला, स्वतःच्या मूर्खपणानं गेला," म्हणाले. ते मात्र मला सोसवत नाही.

मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली ट्यूब. काळी, जाड, म्हशीच्या पोटासारखी. तरुणपण टायरच्या अंधारात गेलं. उसाची ट्रॉली पाटसच्या कारखान्यावर न्यायची, रिकामी आणायची, पुन्हा भरायची. एका हंगामात बाभळीचा काटा घुसला. मालकानं नवी ट्यूब घातली आन् मला पंक्चरवाल्या इम्तियाजच्या दारात फेकून दिलं. काम सरलं की बाईमाणसाला जसं कोपऱ्यात बसवतात, तसंच.

तिथनं मला सुभाननं उचललं. त्र्याण्णव साल असावं. इम्तियाजकडून ठिगळ लावून घेतलं, खांद्यात अडकवलं आन् घरी आणलं. बायको मुमताज दारातच कडाडली, "आता हे काय आणलं?"

"म्हैस आणली. चारा लागत न्हाई, फकस्त हवा लागती."

सुभान हंगामात कारखान्यावर कामाला जायचा आन् कारखान्याच्या संघातून कबड्डी खेळायचा. मांड्या दगडासारख्या. जत्रेत तो चढाईला निघाला की बाया पदराआडून बघायच्या, बापे तर उभेच राहायचे. पण सकाळी हाच गडी उंबऱ्यात बसून लेकीच्या, मेहकच्या, वेण्या घालायचा. एक वेणी वर, एक खाली. पोर तशीच शाळेत जायची, आन् कुणी हसलं तर मारामारी करून यायची.

आमचं गाव भीमेच्या अल्याड, शिरूर तालुक्यात. पल्याड दौंड. पूल लांब, एसटी आली तर आली. म्हणून माणसं उतारानं जायची. उतार म्हंजे नदीतली उथळ वाट, छातीइतक्या पाण्यातून पायी पलीकडं जाणारी. पावसाळा सरला की सुभान पायानं चाचपत तळ बघायचा आन् दोन्ही अंगांना बाभळीच्या मेखा ठोकायचा. मेखांच्या आत चाललं की भीती नाही. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या माझ्यावर बसायच्या आन् तो मला ढकलत न्यायचा. गावातल्या निम्म्या पोरांना त्यानं माझ्यावरच पोहायला शिकवलं. अनंत चतुर्दशीला गणपती पाण्यात न्यायचं कामही त्याचंच. आधी हात जोडायचा, मग मूर्ती उचलायचा.

गावातल्या मायाला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तवा तिला पलीकडं दवाखान्यात न्यायला मीच होते. ती माझ्यावर आडवी पडून ओरडायची, "सुभानभाऊ, हलवू नका वं!"

"माझे आई, मी कुठं हलवतोय? नदी हलतीया. तिला शिव्या दे."

तिनं खरंच दिल्या. पल्याड पोचेस्तोवर दिल्या.

मुमताज चिडायची. "नदीशीच निकाह लावायचा व्हता, मला कशाला आणलं?" तो म्हणायचा, "नदीला भाकऱ्या कुठं येतात?" ती उलथणं उगारायची, तो पळायचा.

मग वाळू आली. म्हंजे वाळू होतीच, तिला भाव आला. नदीत ट्रॅक्टर उतरले. वाळूवाला गावातलाच, पण त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, शेठ म्हणायचे. सुभान ग्रामसभेत उठला. "कुठं खणायचं तिथं खणा, पण उतार सोडा. बायामाणसं जात्यात तिथनं." सगळे खाली बघत बसले. समाजमंदिराला शेठनं वाळू फुकट दिली होती ना! फुकटची वाळू तोंडात गेली की माणसाला बोलता येत नाही, हे मी तिथं बघितलं.

त्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या म्हाळू आबांना पल्याड लेकीकडं जायचं होतं. धरणाचं पाणी सुटलेलं, नदी गढूळ, तळ दिसत नव्हता. मेखा उपटलेल्या होत्या. सुभाननं त्यांना माझ्यावर बसवलं. म्हणाला, "आबा, वाट माझ्या पायांना ठावी हाय." एवढंच त्याचं चुकलं. वाट तिथं राहिलीच नव्हती.

निम्म्यात त्याचा पाय खाली गेला. पोहणारा गडी, खड्ड्याला काय भितो? पण ताज्या खड्ड्याची कड ढासळली आन् वाळूनं त्याच्या मांड्या धरल्या. पाणी त्याच्या नाकाशी आलं. त्यानं मला धरून ठेवलं असतं, तर मी त्याला सोडलं नसतं. आबा पाण्यात पडले असते, पण तो राहिला असता. त्यानं दोन्ही हातांनी मला रेटा दिला. काठाकडं. मग ते हात दिसेनासे झाले.

लोक धावत आले. त्याला बाहेर काढलं, ट्रॉलीत ठेवलं. मी त्यात मावेना म्हणून कुणीतरी माझी पिन सैल करून हवा सोडली आन् घडी घातली. वाईट मनानं नव्हे. पण घरी पोचले ती चपटी होऊन. लोकांनी विचारलं, "आबा, झालं काय?" आबांनी काठावरच्या ट्रॅक्टरांकडं बघितलं. ते शेठ म्हंजे आबांचाच मुलगा. बापाचं काळीज. म्हणाले, "ट्यूबनं दगा दिला."

तवापासून पोरांचं पोहणं बंद. मेहकला शाळेत टोमणे. शेवटी आज बाजाराच्या दिवशी मुमताजनं मला खुंटीवरनं काढलं आन् इम्तियाजच्या दुकानात आणून टाकलं.

"हवा भर. आन् सगळ्यांम्होरं बघ."

त्यानं मला फुगवलं. हौदात बुडवून तसू तसू फिरवलं. जुनं ठिगळ दाबून बघितलं. शेजारच्या चहावाल्याकडली माणसं उठून आली. आबाही तिथंच होते. बुडबुडा एक आला नाही.

"भाभी, भोक न्हाई हिला. हवा कुणीतरी सोडली व्हती."

मी आता थकलेय. रबराला चिरा पडल्यात, उन्हात अंग चिकटतं. मला पुन्हा पाण्यात न्या म्हणून मी गळ घालणार नाही. पोरं शिकवायला दुसरी बघा, पण शिकवा. मला 'भोक न्हाई' एवढंच ऐकायचं होतं, या हौदातच पडल्या पडल्या.

मुमताज आबांसमोर जाऊन उभी राहिली. "आबा, तुम्ही हिच्यावर बसला व्हता. ही फुसकी असती तर तुम्ही आज चहा पीत नसता. सांगा."

आबांनी कपबशी खाली ठेवली. "व्हय, पोरी. ट्यूब चांगली व्हती. उतार खणला व्हता."

"कुणी खणला?"

इम्तियाजनं पंप खाली ठेवला. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझ्या पोरानं," ते म्हणाले. "हौसरावनं."