येणाऱ्यांची मूठ

मी एक जुना जर्मनचा भगोना आहे. मित्रांनो, ॲल्युमिनियमला आमच्या खान्देशात जर्मन म्हणतात. मी जर्मनी पाहिलेली नाही. मी जळगावच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या दाराला टांगलेला होतो आणि तिथून थेट धरणगावला आलो. माझा परदेशाशी संबंध एवढाच.

दुकानदाराने टकटक करणाऱ्या यंत्राने माझ्या काठावर नाव कोरून दिले : सौ. रुख्माबाई. आडनाव मावले नाही. ते मावेल एवढा मोठा भगोना घ्या, असे दुकानदाराचे म्हणणे होते, पण तेवढा मोठा चुलीवर मावला नसता.

रुख्माबाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांचे यजमान अभिमन नाना हे कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर होते. म्हणजे गाडीतला कापूस तोलायचा आणि आकडा सांगायचा. हंगामात जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागे. नंबर लागेपर्यंत गाडीवाल्याला दुसरे काही काम नसे आणि नानांचे घर रांगेच्या तोंडाशीच होते. मग कोणी पाणी प्यायला येई, कोणी विडी पेटवायला काडी मागायला येई. आल्यावर प्रत्येक जण चप्पल काढता काढता एकच वाक्य म्हणे, "जेवीसन उनू, अक्का."

जेवून आलो. आमच्याकडे हे वाक्य राम राम म्हणावे तसे म्हणतात. त्याचा जेवणाशी काही संबंध नसतो.

अक्का "बरं" म्हणत. मग तांब्याभर पाणी माझ्यात ओतत, वर चिमूटभर काळा मसाला आणि मीठ टाकत आणि ताट मांडत. जेवणार का, असे त्यांनी कोणाला कधी विचारलेले मी ऐकले नाही. माझ्यात डाळीची आमटी असे. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि पाणी. पाहुणे वाढले की पाणी वाढे. पाहुणा भाकरी कुस्करून तिच्यावर आमटी ओतून घेई आणि जेवून आलेला माणूस दोन भाकरी संपवी. माझ्या आमटीची तारीफ होई. खरे तर चौथ्या तांब्यानंतर डाळ शोधावी लागे. पण गरम होती, आणि घरची होती, त्यामुळे तक्रार कोणी केली नाही.

मित्रांनो, माझे ते दिवस फार चांगले होते. माझे बूड काळे झाले, एक कान निखळला, पोटाला पोचा आला. तरी मी दिवसातून एकदा तरी रिकामा होत होतो. भांड्याला यापेक्षा जास्त काही नको असते.

मग नाना निवृत्त झाले. रांगेतल्या लोकांना आता काट्यावर दुसरा माणूस भेटू लागला. मुलगा स्वप्नील नोकरीला पुण्याला गेला. आणि अक्का आजारी पडल्या.

खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी नानांना स्वयंपाक शिकवला. नाना हाती डाळीचा डबा घेऊन उभे, आणि त्या तिकडून सांगत, "तुमनी एक मूठ. मनी एक मूठ. आनि येनारास्नी एक मूठ, मोठी."

"कोन येनार शे?" नानांनी विचारले. आयुष्यभर तोलत आलेला माणूस. आकडा कळल्याशिवाय हात पुढे करत नसे.

"ते माले काय माहीत? जो ई तो खाई."

अक्का गेल्या. नानांनी त्यांची मूठ कमी केली, तीही बऱ्याच दिवसांनी. पण येणाऱ्यांची मूठ कशी कमी करायची हे अक्कांनी शिकवले नव्हते. त्यामुळे नाना आजही रोज ती टाकतात आणि मी रोज भरतो.

येत मात्र कोणी नाही. अगदीच नाही असे नाही. नानांचा जिनिंगमधला जुना सोबती तोताराम कधीमधी येतो. त्याचे घरचे शेतावर असतात आणि त्याला चूल पेटवायचा कंटाळा आहे, हे त्याच्या पोटाच्या आवाजावरून मला चुलीपर्यंत कळते. तो चप्पल काढता काढता म्हणतो, "जेवीसन उनू, नाना."

आणि नाना विचारतात, "जेवशी का रे?"

आता यावर तोताराम काय म्हणणार? "नई नई. पोट भरेल शे."

"बरं," नाना म्हणतात. हे "बरं" अक्कांच्याच "बरं"सारखे ऐकू येते, पण त्यानंतर काहीच होत नाही. नाना त्याचे वाक्य खरे मानतात. दोघे थोडा वेळ पंख्याकडे पाहत बसतात. मग एक भुकेला माणूस घरी जातो आणि दुसरा एकटा जेवायला बसतो, आणि मी दोघांच्या मधे भरलेला. मला तोंड आहे, मित्रांनो, चांगले रुंद तोंड आहे. पण बोलता येत नाही.

उरलेली आमटी गल्लीतल्या कुत्र्याला जाते. तो खातो, आणि मग तिखट लागल्यामुळे बराच वेळ नानांकडे रागाने पाहतो. सध्या घरात एवढीच वर्दळ आहे.

दिवाळीला स्वप्नील आला तेव्हा त्याने विजेची किटली आणली, आणि सूपची पाकिटे. "नाना, एकट्यासाठी एवढं कशाला शिजवता? हे पाकीट फोडायचं, गरम पाणी ओतायचं. एका माणसापुरतं होतं बरोबर."

एका माणसापुरते सूप करता येते, हे मला त्या दिवशी कळले. त्यात पाणी वाढवायची सोयच नव्हती. कपावर एक रेघ होती.

नानांनी एक पाकीट करून पाहिले. प्यायले, कप धुतला, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तू मोठा शे रे." मला तारीफ वाटली. ती तारीफ नव्हती.

पुढच्या मंगळवारी बेबाबाई आली. ही जुनी भांडी मोडीत घेऊन नवी देते. नवरा निंबा हातगाडी ढकलतो आणि ती ओरडते. नानांनी मला दाखवले आणि त्या बदल्यात एक लहान स्टीलची पातेली मागितली. बेबाबाईने मला उलटा केला, बुडावर टकटक केली. "आज पातेली नई शे मनाजोगती. पुढला मंगयवारले लई येसू आनि हाऊ लई जासू." म्हणजे पुढच्या मंगळवारी ती पातेली घेऊन येणार आणि मला घेऊन जाणार.

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. मोडीत गेलेले भांडे वितळवतात. वितळायला माझी हरकत नव्हती. उष्णतेची मला सवय आहे. पण मी गेलो की येणाऱ्यांची मूठ टाकायला घरात जागाच उरणार नव्हती. नाना एकटे आहेत हे मग पक्के होणार होते.

मंगळवार उजाडला आणि नानांनी सवयीने आमटी टाकली. दुसरे भांडे नव्हतेच; ते तर बेबाबाई आणणार होती. ती आली तेव्हा मी चुलीवर रटरटत होतो.

"नाना, हाऊ भगोना खाली करा."

मला रिकामा करायला नानांनी सांडशीने उचलले आणि घरभर पाहिले. एवढी आमटी ओतायची कशात? किटलीत मावेना. कुत्राही नेमका नव्हता.

"जेवशी का?" नानांनी विचारले.

"नई नई. जेवेल शे."

"बरं," नाना म्हणाले, आणि मला घेऊन तसेच उभे राहिले. सांडशी तापली. शेवटी त्यांनी दोन ताटे घेतली, भाकऱ्या टाकल्या आणि ओतायला सुरुवात केली.

"ओ नाना, मी सांगी ऱ्हायनू ना, जेवेल शे!"

"तू जेवू नको," नाना म्हणाले. "फक्त भगोना खाली कर."

बेबाबाई हसली. मग पदर खोचून बसली आणि गाडीकडे तोंड करून ओरडली, "निंबा, ये! भगोना खाली कराना शे!"

मित्रांनो, सकाळपासून उन्हात फिरलेली ती दोन माणसे भगोना रिकामा करत होती आणि नाना भाकऱ्या मोडून देत होते. मधेच बेबाबाई म्हणाली, "नाना, मीठ कमी शे."

नानांचा हात थांबला. अक्का गेल्यापासून मीठ कमी आहे की जास्त, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी मिठाचा डबा आणायला आत जाऊन जरा जास्तच वेळ लावला.

मी रिकामा झालो. बेबाबाईने मला हात लावून पाहिला. "अजून गरम शे. असा गरम गाडीवर कसा ठेवू? पुढला मंगयवारले लई जासू."

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा गरम होतो. त्याच्या पुढच्याही. ती पातेली आणायलाही विसरते. बेबाबाईच्या धंद्यात इतका विसराळूपणा परवडत नसावा, पण तो तिचा प्रश्न आहे.

सगळे बदलले असे मी म्हणणार नाही. मंगळवार सोडून बाकीचे दिवस तसेच आहेत. संध्याकाळी नाना माझ्याजवळ बसतात, दाराकडे पाहतात, आणि कुत्रा दोघांकडे पाहतो.

परवा तोताराम आला. चप्पल काढता काढता म्हणाला, "जेवीसन उनू, नाना."

नानांचे तोंड सवयीने उघडले. "जेव..." मग मिटले. ते उठले, आत आले, आणि त्यांनी माझ्यात तांब्याभर पाणी ओतले. तो आवाज मी फार दिवसांनी ऐकला.

म्हणून मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला घासायचे राहिले तरी चालेल. पण दारात कोणी आला आणि जेवून आलो म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. विचारूही नका. ताट मांडा. कमी पडलेच, तर पाणी आहे.