मधे जागा नसलेली फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे. मित्रांनो, फळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर डबे ठेवायची फळी आली असेल. मी तसली नाही. माझ्यावर कुणी कधी डबा ठेवला नाही. मी इंग्रजी शिकवत असे.

एका मोडक्या कपाटाच्या दारातून माझा जन्म झाला. कपडे धुण्याच्या दुकानावर एक खोली होती. तिथे एक बाई मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. दिवसभर राबलेली माणसं संध्याकाळी येऊन घडीच्या खुर्च्यांवर बसत. या माणसांच्या एकाच चुकीने बाई बेजार झाल्या होत्या. आपल्या भाषेत ‘मी घड्याळ काळजीपूर्वक दुरुस्त करतो’ म्हणा, नाहीतर ‘मी काळजीपूर्वक घड्याळ दुरुस्त करतो’ म्हणा, कुणाचं काही बिघडत नाही. इंग्रजीचं तसं नाही. तिथे क्रियापदाला चिकटून त्याचं कर्म बसतं, आणि ‘काळजीपूर्वक’सारख्या शब्दाने दोघांच्या मधे घुसलेलं चालत नाही. बाईंचे विद्यार्थी नेमके तिथेच घुसवत.

बाईंचा भाऊ सुतार होता. एकदा त्या त्याला म्हणाल्या, “सांगून सांगून घसा बसला रे.”

“सांगतेस कशाला, ताई? घुसताच येणार नाही असं काहीतरी करून देतो,” तो म्हणाला.

त्याने माझ्यात एक लांब खाच कोरली आणि तिच्यात सरकणारे रंगीत ठोकळे केले. करणारा निळा, क्रियापद लाल, कर्म पिवळं, आणि ‘कसं’ सांगणारा शब्द हिरवा. लाल ठोकळ्याला त्याने एक खुंटी बसवली आणि पिवळ्याला तेवढंच भोक पाडलं. दोघे जुळले की खट् असा आवाज येई. हिरव्याला भोकच नव्हतं. तो मधे बसेना, मुकाट्याने शेवटी जाई. माझ्यात चुकीला दारच ठेवलं नव्हतं.

खालच्या इस्त्रीची वाफ वर येई आणि माझं लाकूड फुगे. मग बाई खाचेत मेण चोळत. पण खरं सांगते, मी वाफेपेक्षा कौतुकानेच जास्त फुगले. दुसऱ्या वर्गांचे मास्तर टेप घेऊन माझं माप घ्यायला येत. माझ्यासारख्या आणखी चार फळ्या झाल्या म्हणे. माझ्यावर कुणीही कधी चुकलं नाही, याचा मला फार अभिमान होता.

मग एक घड्याळजी वर्गात आले. वय पन्नाशीचं, बोटं मात्र इतकी हलकी की ठोकळ्यांना स्पर्श झालेला कळत नसे. वर्गातला ड्रायव्हर त्यांची थट्टा करी.

“जगाची घड्याळं सुधारता आणि स्वतः रोज दहा मिनिटं उशिरा येता?”

“मी वेळेवरच येतो. तुमचं घड्याळ पुढे आहे. उद्या घेऊन या, बघतो.”

त्यांची बायको नऊ वर्षांपासून परदेशात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करत होती. दोन वर्षांतून एकदा बारा दिवसांसाठी घरी येई. नवऱ्याला तिच्याकडे राहायला जायचं, तर त्याने इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायला हवी होती. संधी तीनच. तिन्ही हुकल्या की अर्ज कायमचा बंद. घड्याळजींना इंग्रजीची हौस नव्हती. त्यांना फक्त बायकोजवळ जायचं होतं.

माझ्यावर ते सर्वांत हुशार होते. निळा, लाल, पिवळा, खट्, हिरवा. ‘आय रिपेअर वॉचेस केअरफुली.’ एकदाही अडखळले नाहीत. सहा महिन्यांनी ते पहिल्या परीक्षेला गेले आणि नापास होऊन आले.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“तिथल्या मॅडमनी विचारलं, तुम्ही काय काम करता? मी ‘आय रिपेअर’ म्हणालो आणि थांबलो.”

“थांबलात कशाला?”

“खट् वाजायची वाट बघत होतो.”

वर्ग हसला. तेही हसले. आणि मित्रांनो, मला लाज वाटते, पण तेव्हा मी मनातून सुखावले. माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. त्या परीक्षेत त्यांची बोटं टेबलावर ठोकळे जुळवत राहिली आणि तोंडातून शब्द निघाला नाही. आता बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि म्हणाल्या, “आता नुसतं तोंडाने बोलायचं. चुकलात तरी चालेल.”

घड्याळजींनी दोन वाक्यं म्हणून पाहिली. दोन्ही चुकली. त्यांचे कान लाल झाले. “बाई, एवढी एकच संधी उरलीय. फळी असू द्या हो. ती समोर असली की धीर येतो.”

मग बाईंनी मला बाहेर काढलं. त्यांना त्या माणसाचे हाल बघवले नाहीत. मी पुन्हा खट् वाजले, चांगली मोठ्याने. त्या वेळी माझं लाकूड तडकलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या परीक्षेचा निकाल सांगायला ते स्वतः आले नाहीत. ड्रायव्हरने येऊन सांगितलं.

त्या वर्षी बायको आली तेव्हा घड्याळजी तिला वर्ग दाखवायला घेऊन आले. तिने माझे ठोकळे सरकवून पाहिले, खट् वाजवलं. “किती छान केलंय,” ती म्हणाली.

बाईंनी विचारलं, “तुम्ही कशा शिकलात?”

“चुकत चुकत, बाई. पहिली दोन वर्षं मी काय बोलत होते, देव जाणे. एक आजोबा होते तिथे, अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुठे जायचंच नव्हतं. माझं वाक्य संपेपर्यंत ते ऐकत पडायचे.”

बाईंनी माझ्यावरचा हात काढून घेतला. घड्याळजी बायकोला म्हणाले, “चल, तुझी बॅग भरायची आहे.”

त्यानंतर बाईंनी वर्ग फार दिवस चालवला नाही. मी त्याच खोलीच्या माळ्यावर आहे. लाल आणि पिवळा ठोकळा वाफेने एकमेकांत असे अडकलेत की आता सुटायचे नाहीत.

जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी सांगतात, आम्हाला जपा, आमची धूळ पुसा. मी तसं सांगणार नाही. मला धुळीतच राहू द्या. पण मित्रांनो, तुमच्यासमोर कुणी नवी भाषा चुकतमाकत बोलू लागलं, तर त्याला आयता शब्द देऊ नका. हसूही नका. वाक्य कितीही वेडंवाकडं असो, ते संपेपर्यंत ऐकून घ्या. मी घड्याळजींना एकदासुद्धा चुकू दिलं नाही. ते आता रोज संध्याकाळी बायकोशी फोनवर बोलतात, आपल्याच भाषेत, आणि ‘कधी येताय?’ हे तिने विचारणं सोडून दिलं आहे.