इंदूबाईंच्या गाठीतली मी

मी कर्करोगाची मूळपेशी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका, मलाही माझी बाजू आहे.

नागपूरजवळच्या कुही गावच्या इंदूबाईंच्या गाठीत माझा जन्म झाला. बाई धानाच्या बांधीत, भातशेतात राबणारी, औषधाला घाबरली नाही. औषध आलं की माझ्या बहिणी पटापट मरायच्या. मी मात्र मेल्याचं सोंग घेऊन पडून राहायची आणि ते ओसरलं की पुन्हा संसार थाटायची. तशी गाठ दुसऱ्यांदा आली. ऑपरेशन झालं आणि इंदूबाईंच्या संमतीने गाठीचा एक तुकडा नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पोचला. त्यात मी होते.

तिथली संशोधक पायल. बाटलीत ऊब, वेळेवर खाणं, असे लाड माझे कुणीच केले नव्हते. मग एक दिवस तिने औषध ओतलं. बहिणी गेल्या, मी पडून राहिले. तिने औषध काढून ताजं खाणं घातलं, दोन दिवस पाहिलं, काही हललं नाही. झालं! पोरीने सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली.

"नत्थूजी, ही बाटली फेकून द्या."

नत्थूजी तिथले जुने मदतनीस. "रजिस्टरवर सही करा मॅडम. सहीबिगर मी काही फेकत नाही."

बर्फीच्या गडबडीत सही राहिली. नत्थूजींनी बाटली मुकाट्याने पुन्हा उबेत ठेवली. दहा दिवसांत मी बाटलीभर लेकरं केली. जरा दम धरला असता तर मेलेली समजून कुणी माझ्या मागे लागलं नसतं, पण स्वभावाला काय करणार?

पायल बाटली पाहून रडत बसली. त्याच दिवशी इंदूबाई तपासणीला आली होती. आली की शेजारच्या या प्रयोगशाळेतही नेहमी डोकावायची.

"कशी आहे वं माही अवदसा?"

"जिवंत आहे मावशी. मेली समजून मी बर्फी वाटली."

"मलेबी डाक्टरनं तसंच सांगतलं होतं, मेली म्हणून. रडून काहून राहिली? सापडली ना? आता सोडू नको तिले."

पायलने सोडलं नाही. 'तू मूळ आहेस, तशीच राहा' असा निरोप मला शेजारपाजारच्या पेशींकडून सतत यायचा, त्यावरच माझा सारा तोरा. तिने तो निरोपच अडवणारं औषध घातलं. आता कुणी काही सांगत नाही. मी चारचौघींसारखी साधी होत चालले आहे, आणि साध्या पेशींना मारायला जुनं औषधही पुरतं.

काल इंदूबाईने विचारलं, "हे मले केव्हा देशीन?"

"अजून वेळ आहे मावशी. बाटलीत जमलं, माणसात जमायचं आहे."

"मंग लवकर कर. मी थांबून आहो."

माझी एखादी बहीण अजून तिच्या अंगात झोपली असेल. तिला कुणीतरी सांगा, उठू नकोस गं. ती बाई थांबून आहे.